वाव

कंपनीच्या नकाशावर खोर नुवैरा
म्हणजे नखाएवढी कोरी जागा.
मी तिथे पाणी मोजायला आलोय.
यंत्र पाण्यात टिचकी मारतं,
टिचकी तळाला लागून परत येते,
पडद्यावर आकडा: एक पूर्णांक आठ.
समुद्राशी माझा संबंध तेवढाच.

खाडी इथे कोयत्यासारखी वळते.
तोंडाशी वाळूची दांडी,
दर शमाल वाऱ्यानंतर बोटभर पुढे आलेली.
आत तिवरांची झुडपं. एक उंट पाला ओरबाडतोय,
कुणाचा, हे विचारायला माणूस नाही.
मागे खारवट सपाटी. सुकी दिसते.
शिहाबनं तिच्यावर विश्वास ठेवला
आणि गाडीचं मागचं चाक संध्याकाळपर्यंत तिच्याच पोटात.
त्यापलीकडे डोंगर, नावाला एक पान नसलेले.

प्रवाळाच्या दगडांची एकवीस घरं.
एकालाही दार नाही.
मला वाटलं, चोरी.

"चोरी कसली," हुरैझ बिन गुम्रान म्हणाला,
"शहरात सरकारी घरं मिळाली त्या साली
आम्हीच दारं उपटून ट्रकवर चढवली.
दगड कुठेही मिळतो.
सागवान मलबारहून यायचं."

तो दर शुक्रवारी येतो. पंच्याऐंशीचा तरी असेल.
नातू त्याला सोडतो आणि एसी लावून गाडीतच बसतो.
त्याची हिंदी मुंबईच्या गोदीतली, माझ्या जन्माआधीची,
तिच्यात अजून आणे आहेत.
कुठला तू? बुरोंडीचा.
त्यानं मान हलवली. ऐकलेलं नव्हतं.
मीही नुवैरा कुठे ऐकलं होतं.

बाप पाणबुडा: पायाला दगड, कमरेला दोर,
नाकाला कासवाच्या पाठीचा चिमटा.
मोती मुंबईला जायचे, रुपये इकडे यायचे,
आणि नाखवाच्या वहीत
बापाचं कर्ज जिथल्या तिथे.
मग एका मोसमात मोत्यांना गिऱ्हाईकच उरलं नाही.
वही वाळवीनं खाल्ली.
"माझ्या बापाला वाळवीनं मोकळं केलं," म्हणाला,
आणि इतका हसला
की नातवानं काच खाली करून पाहिलं.

बंदर कुणी मारलं?
मला लढाई हवी होती, जळालेलं गलबत,
घरी फोनवर सांगायला काहीतरी.
तो खाली वाकला. मूठभर वाळू
माझ्या बुटावर ओतली.

मग त्यानं दोन्ही हात पसरले,
या बोटापासून त्या बोटापर्यंत.
"हा एक बाअ. इथे असे सहा होते."
आमच्याकडे याला वाव म्हणतात, मी म्हणालो,
आणि मीही पसरले.
किनाऱ्यावर दोघं, गळ्यात न पडता
गळ्यात पडल्यासारखे उभे.
त्याचा चार बोटं मोठा निघाला.
म्हणजे त्याचे वीस ते माझे एकवीस.
समुद्र तोच.

नंतर त्यानं ते विचारलं,
जे तो विचारेल असं मला वाटतच होतं.
"तुमचं यंत्र जी वाळू उपसणार,
ती टाकणार कुठे?"

नकाशाच्या दुसऱ्या पानावर
एकवीस घरांवरून तिरप्या रेघा आहेत.
विहिरीवरून, मशिदीवरून,
आणि ज्या उंचवट्यावर गुम्रान निजलाय त्याच्याही काठावरून.
रेघा माझ्या नाहीत.
रंग मी भरलाय.

माहीत नाही, मी म्हणालो.
त्याला खोटं कळलं. गोदीत शिकला असणार.

रात्री तक्ता भरला.
खाडीचं तोंड, ओहोटी: शून्य पूर्णांक चार.
शेऱ्याच्या रकान्यात: 'पूर्वी सहा वाव.
स्थानिक माहिती. अप्रमाणित.'
'नुवैरा' लिहायला रकाना नव्हता,
म्हणून अप्रमाणितच्या पुढे लिहिलं.

पण ते रात्री.
दुपारी ओहोटी लागली तेव्हा
होडी वाळूवर बसली, शिहाब चाकापाशी,
नातू फोनवर.
म्हाताऱ्यानं झगा कमरेला खोचला.
मी पुढून ओढली, त्यानं मागून रेटली,
सहा वाव पाण्यातून,
गुडघ्यापर्यंत भिजत.